शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या मंदाकिनीबाई

मंदाकिनीबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता. एकोणीस वर्षांची मुलगी घरात वाळत चालली आहे, तिला बघायला डॉक्टरांनी मुद्दाम ठाण्याहून बाई पाठवली आहे, आणि ही बाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ परसात जाऊन आमच्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभी! मग त्या आत आल्या, पाय धुतले आणि आईला म्हणाल्या, "गाय छान तेजाळली आहे हो तुमची. खुराक काय देता?"

आईने कोंडा, पेंड असं काहीबाही सांगितलं. मी मात्र जागच्या जागी गार झाले. ती गाय कशावर तेजाळली होती ते जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि आता या बाईंना.

आमच्याकडे जेवण केळीच्या पानावर असे. जेवण झालं की पान मिटायचं आणि गाईला नेऊन घालायचं. आधी पुरुष बसायचे, मग मुलं, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी जिने वाढलं ती. शेवटी बसणारीच्या पानात कोणी डोकावत नाही. घरातल्या थोरामोठ्यांना वाटायचं की मी आईला विश्रांती मिळावी म्हणून वाढायचं काम अंगावर घेतलं आहे. माझं पान मी नीट वाढून घ्यायची, भातावर वरण, वर तूप, डावीकडे लिंबू. थोडा वेळ त्याच्यासमोर बसायची. मग पान मिटायची आणि उठायची. सात महिने माझं जेवण गाय जेवत होती.

हे असं का, म्हणून मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल. कारण विचारणाऱ्या माणसांचा मला वीट आहे. कारण हवंच असेल तर घ्या. आमची कल्याणला भातगिरणी होती. बावन्न सालच्या वैशाखात मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आत्याने माझा दंड दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "गिरणीवाल्यांची लेक शोभते हो, पोतं भरलंय नुसतं." सगळे हसले. अण्णा, माझे वडील, तेही हसले. पुढे आषाढीला चातुर्मास लागला आणि मी एकभुक्त राहण्याचा नेम धरला, म्हणजे चार महिने दिवसातून एकदाच जेवायचं. रेशनचे दिवस पुरते सरले नव्हते. कमी जेवणाऱ्या मुलीचं कोणाला कौतुक नाही वाटणार? शेजारच्या बायका आपल्या मुलींना माझं उदाहरण देऊ लागल्या. कार्तिकीला चातुर्मास संपला, सगळ्यांनी आपापले नेम सोडले, आणि मला तो सोडताच आला नाही.

पण खरं सांगू? हे कारण सांगताना मला स्वतःलाच ते अपुरं वाटतं. त्यात ते हलकेपण येत नाही. उपाशी पोटी दुपारी मी गिरणीच्या मागच्या ओट्यावर बसायची. पट्टा थांबलेला असायचा, कानातली घरघर हळूहळू विरायची, उन्हाच्या तिरिपीत कोंड्याची धूळ तरंगत राहायची. भिंती लांब गेल्यासारख्या वाटायच्या. माणसं बोलायची ती पाण्याखालून बोलल्यासारखी. आपल्याला कोणी हात लावू शकत नाही, धरू शकत नाही, असं वाटायचं. त्यात माझे केस गळत होते, नखं निळी पडत होती आणि जिना चढताना छाती धडधडत होती, हेही तितकंच खरं.

माघात मी हळदीकुंकवाच्या बायकांसमोर चक्कर येऊन पडले. ठाण्याच्या नौपाड्यातले टिपणीस डॉक्टर अण्णांचे जुने स्नेही, ते आले. अण्णांनी मला गिरणीतल्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. तानाजी नावाचा आमचा हमाल तिथे होता, त्याने मान फिरवली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी काटा वाचला. बाहेर येऊन ते अण्णांना म्हणाले, "येत्या आषाढीला हिने पुन्हा नेम धरला, तर ही दिवाळी बघणार नाही. मी आषाढीपर्यंत थांबतो. तोवर सुधारली नाही तर मुंबईच्या इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालून दूध पाजावं लागेल. चार माणसं धरायला लागतात त्याला." हे मी दाराआडून ऐकलं. मरणाची मला तेवढी भीती वाटली नाही. चार माणसांनी धरण्याची वाटली.

अण्णा म्हणाले, आजच न्या. डॉक्टर म्हणाले, माझ्या दवाखान्यात एक बाई आहेत, त्यांना आधी बघू द्या. तर अशा त्या मंदाकिनी बर्वे आमच्याकडे आल्या. वय बेचाळीस, उंच, काटकुळ्या, पांढरं सुती पातळ, काखेत काळी छत्री. दवाखान्यात औषधं बांधून द्यायचं काम करत.

गाईचं त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. आईला एवढंच म्हणाल्या, "मी मंगळवारी आणि शनिवारी येत जाईन. तुम्हा सगळ्यांची जेवणं झाली की सरोजबरोबर बसेन. दोन पानं मांडा. आणि आम्ही बसलो की आत कोणी यायचं नाही." जाता जाता अण्णांना म्हणाल्या, "मुलीला पुन्हा पोत्यांच्या काट्यावर चढवू नका." अण्णांना असं कोणी बोलत नसे.

बाईंचे तीन नियम होते, आणि तिन्ही त्यांनी स्वतःलाच घातलेले होते. ‘जेव’ हा शब्द उच्चारायचा नाही. दुसऱ्याच्या पानाकडे बघायचं नाही. आणि बोलायचं ते फक्त स्वप्नांबद्दल. पहिल्या दिवशी त्या समोर बसल्या, भातावर वरण ओतून घेतलं आणि म्हणाल्या, "काल काय स्वप्न पडलं?"

मी म्हटलं, "मला स्वप्नं पडत नाहीत."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भात कालवत बसल्या. तासभर आम्ही तशाच बसलो. बाहेर कावळा ओरडत होता. दुसऱ्या वेळीही तेच, तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी मला त्या गप्प बसण्याचा इतका कंटाळा आला की मी स्वप्न सांगून टाकलं. "मी सुपात बसले आहे. कोणीतरी मला पाखडतं आहे. दाणे खाली पडतात आणि मी कोंड्याबरोबर उडते. गिरणीच्या पत्र्यावरून, बाजारावरून, खाडीवरून."

"मग?"

"मग काही नाही. बरं वाटतं."

"खाडीवर काय दिसतं?"

मला वाटलं होतं त्या विचारतील, सूप कोणाच्या हातात होतं, कोणाचा राग आहे तुला. त्यांनी खाडीबद्दल विचारलं. मी आठवू लागले. खाडीत पाणी नव्हतं, तांदूळ होता, आणि त्याच्यावर होड्या चालल्या होत्या. सांगता सांगता मी बोटांनी भात चिवडत होते. केव्हातरी एक घास तोंडात गेला. मला कळलं तेव्हा तो गिळून झाला होता. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्या म्हणाल्या, "होड्यांना शिडं होती का गं?"

तिथून आमचं सुरू झालं. मंगळवार, शनिवार, दुपारी दीडचा सुमार. त्या दुपारच्या गाडीने येत, स्टेशनपासून चालत येत. फाल्गुन गेला, चैत्र गेला. परसातली केळ, चुलीतला निवत चाललेला विस्तव, समोर मिटल्या डोळ्यांनी ऐकणाऱ्या बाई, आणि माझी ती अखंड स्वप्नं. खरी संपली की मी खोटी रचायची. त्यांना कळत असणार, पण त्या "मग?" म्हणत. त्या दुपारी इतक्या संथ होत्या की आता आठवताना कधी कधी वाटतं, या दुपारीही मी रचलेल्याच असतील. पण घासांची चव लक्षात आहे, म्हणजे खऱ्याच असणार.

बाईंकडे एक वही होती, तिचीही ओळख मला याच दिवसांत झाली. बाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेल्या आणि सोळाव्या वर्षी पांढरं पातळ नेसून नौपाड्याला भावाकडे परत आल्या. भावाने शिकवलं. चौतिसाव्या वर्षी घरी अभ्यास करून बी. ए. झाल्या, मानसशास्त्र घेऊन. दवाखान्यात औषधं बांधताना त्यांच्या लक्षात आलं की ‘अशक्तपणा’ म्हणून येणाऱ्या काही मुली आजारी नसतात, त्या जेवत नसतात. डॉक्टर टॉनिक लिहून देत. आई म्हणे नेम आहे, सासू म्हणे नखरे आहेत, शेजारीण म्हणे बाहेरचं काहीतरी लागलं आहे. बाई रविवारी मुंबईला एका ग्रंथालयात जाऊन बसत. तिथे न जेवणाऱ्या मुलींवर विलायती डॉक्टरांनी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. ते घरी नेता येत नसे. त्याची चाळीस पानं त्यांनी हाताने उतरवून काढली, शब्दकोश शेजारी ठेवून.

त्या पुस्तकाशी बाईंचं भांडण होतं, आणि भांडताना त्या फार गोड दिसत. "हे म्हणतात, मुलीला घरापासून तोडा, खोलीत एकटी ठेवा. अगं, आपल्याकडची मुलगी न जेवायला एकटीच तर बसलेली असते! आणि हे म्हणतात, गरिबाघरी हा आजार नसतो. कोलशेतला मिठागरावर सगुणा आहे माझी. भाकरी टाकून माती खाते. मला म्हणते, 'बाय, मातीचा वास आला का जीव ऱ्हात नाय गो.' या साहेबाला कोलशेत कुठून माहीत असणार?" वहीत अशा अकरा जणी होत्या. अकरावी मी. प्रत्येकीबरोबर बाई शेवटच्या पंगतीला बसत होत्या, आणि कोणती गोष्ट कोणाला लागू पडते ते लिहून ठेवत होत्या. एकीला स्वप्नं, एकीला नुसतं गप्प बसणं, सगुणेला तिच्या गेलेल्या पोराच्या गोष्टी. या सगळ्यावर त्यांनी इंग्रजीत एक निबंध लिहिला होता. डॉक्टरांनी तो मुंबईला पाठवला, आणि तिकडून आलेल्या पत्रात एवढंच होतं की लेखिका वैद्यकीय पदवीधर नाहीत. बाईंनी ते पत्र वहीत घालून ठेवलं.

मी सरळ बरी होत गेले असं मुळीच नाही. वैशाखात एका दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी फडताळातली गुळाची ढेप खाल्ली, शेंगदाणे खाल्ले, कच्चे पोहे खाल्ले, थांबताच येईना, आणि मग विहिरीमागे जाऊन सगळं घशात बोटं घालून काढलं. त्यानंतर तीन दिवस पाण्यावर. असं आणखी दोनदा झालं. मला स्वतःची इतकी किळस आली की मी ते बाईंना स्वप्न म्हणून सांगितलं. "स्वप्नात मी गूळ खात होते."

बाईंनी भातावर लिंबू पिळलं. मग म्हणाल्या, "असं स्वप्न वहीतल्या आणखी तिघींना पडतं." मी धाय मोकलून रडले. आपण एकट्या नाही हे कळल्यावर जे रडू येतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. त्यानंतरच्या शनिवारी मी निम्मं पान जेवले. ज्येष्ठ लागला तोवर जिना चढताना छाती धडधडायची थांबली होती. आषाढीला महिना उरला होता. डॉक्टरांनी निरोप पाठवला की असंच चाललं तर नळीची गरज पडणार नाही.

आणि मग मी ते पान उचललं.

बाई स्वतःचं पान नेहमी स्वतः मिटून गाईला घालत. कितीदा म्हटलं तरी दुसऱ्याला उचलू देत नसत. त्या दिवशी दवाखान्यातून माणूस आला, सगुणेला ठाण्याला आणलं होतं, तब्येत बरी नव्हती. बाई घाईने हात धुऊन निघाल्या. मी दोन्ही पानं उचलली. माझं हलकं होतं. त्यांचं जड होतं.

मी गोठ्याच्या कडेला बसून ते उघडलं. भात, वरण, भाजी. सगळं कालवलेलं, चार ठिकाणी सारखं पसरलेलं, कडेने बोटांनी ओढून कमी दिसेल असं केलेलं. ती कारागिरी मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! चार घास खाल्ले असतील. गाय मान लांब करून वाट बघत होती, आणि मी ते पान धरून बसले होते. मला दया वगैरे काही आली नाही. मला संताप आला. चार महिने मी या बाईसमोर काळीज काढून ठेवलं, आणि ही बाई माझ्यासमोर माझीच नक्कल करत होती.

शनिवारी त्या बसल्या. "काल काय स्वप्न पडलं?"

"स्वप्न नाही पडलं. तुमचं पान बघितलं."

बाईंचा हात भातातच थांबला. त्या म्हणाल्या, "मी विधवा आहे गं. सोळाव्या वर्षापासून एकवेळ जेवते. सवय आहे मला."

"मलाही सवयच होती."

"तुझं वेगळं."

"काय वेगळं? मला चक्कर आली तेव्हा डॉक्टर आले. तुम्हाला आली तर लोक म्हणतील, व्रतस्थ बाई आहे. बाई, तुम्ही एकवेळही जेवत नाही."

माझा आवाज चढला होता. आई दाराशी आली आणि आत यायचं नाही हे आठवून परत गेली. बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, कोणा दुसरीचं असावं तसं. "सासूबाई मोजून वाढायच्या," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या पायाची म्हणायच्या, आणि मुदीतला निम्मा भात काढून घ्यायच्या. मग एक दिवस मीच म्हटलं, तोही नको. त्या दिवशी मला फार मोकळं वाटलं." पान न मिटता त्या उठल्या आणि गेल्या. छत्री विसरल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मंगळवार गेला, शनिवार गेला, पुन्हा मंगळवार गेला. मी एकटी शेवटच्या पंगतीला बसत होते, आणि भात घशाखाली उतरेना. माझंच पाप, असं वाटायचं. ज्या बाईने मला हात दिला, तिचाच हात मी पिरगाळला. हळूहळू पानं पुन्हा जड होऊ लागली. ते जुनं हलकेपण दारात येऊन उभं राहिलं, आणि मला त्याला आत घ्यावंसं वाटू लागलं. अण्णांनी डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर म्हणाले, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी येतो, कपडे बांधून ठेवा.

आषाढीची सकाळ उजाडली. गिरणी बंद होती. घरात साबुदाणा भिजत होता, रताळी उकडत होती. देवघरातून उठून आई माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सरोज, यंदा नेम धरायचा नाही हं बाळा." आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, देवाशपथ सांगते, तोंड उघडून म्हणणार होते की मी एकभुक्त राहणार आहे. शब्द जिभेवर आले होते. ते म्हटले की सगळं पुन्हा लांब जाईल, भिंती, माणसं, उद्याचे डॉक्टर, सगळं, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात मागच्या दारी मंदाकिनीबाई उभ्या. नेहमीचा वार नाही, वेळ नाही. पावसाची उघडीप होती, उन्हात चालून चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले. त्या आईशी बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहत, चौकटीला धरून म्हणाल्या, "सरोज, मला भूक लागली आहे."

हे वाक्य त्या कितव्या वर्षानंतर म्हणत होत्या याचा हिशेब मला तेव्हा करता आला नाही. त्यांचं तोंड मात्र ते म्हणताना लहान मुलीसारखं झालं होतं.

आई गडबडीने म्हणाली, "बसा ना बाई. खिचडी होतेच आहे."

"खिचडी नको," बाई म्हणाल्या. "भात हवा."

एकादशीला, आमच्या घरात, एक विधवा बाई भात मागत होती. ओटीवर अण्णा पोथी वाचत होते. आईचा चेहरा पांढरा पडला. ती बाईंकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझ्या गळ्याच्या हाडांकडे. मग ती चालत गेली आणि ओटीकडचं दार आतून लावून घेतलं. कोनाड्यातून तांदळाचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "तिघींपुरता टाक," म्हणाली.

मी तांदूळ धुतला. आधणाला उकळी फुटली तशी घरभर वास सुटला. आम्ही तिघी चुलीभोवती बसून होतो. आईने परसातून तीन पानं कापून आणली आणि तिन्ही एकाच ओळीत मांडली. वाढायला कोणी उरलं नाही, म्हणून भाताचं पातेलं मध्येच ठेवलं.

बाईंनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी पंगतीत त्यांच्या पानाकडे बघत होते, आणि त्या, आपलाच नियम मोडून, माझ्या पानाकडे. त्यांचा भात संपला. पान खरोखर रिकामं झालं. हात तसाच पानावर ठेवून त्या बसून राहिल्या. मग आईकडे न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अजून थोडा वाढता?"

आईने वाढला, मूद भरून, वर तूप. बाहेरून अण्णांनी दार वाजवलं, "काय गं, कसला वास येतोय?" आम्ही कोणीच उठलो नाही. मी रडत होते आणि जेवत होते.